वारी पुढे ढकलता येत नाही

काळाप्रमाणे जो बदलला तो तरला आणि जो बदलला नाही तो बुडाला, असा कोरोनाच्या साथीतील लहान धंद्यांविषयीचा सोपा निकाल आपण सर्वांनी मिळून लावून टाकला आहे. वक्तृत्व स्पर्धेत 'संकट हीच संधी' हा विषय निघाला की टाळ्या ठरलेल्या असतात. कोणा तरुणाने मोबाइलवरून लोणची विकली, कोणी घरपोच डबे सुरू केले, ही उदाहरणे इतक्यांदा कानांवर आली आहेत की त्या लोणच्याची चवही आता आपल्याला पाठ झाली आहे! त्या तरुणांविषयी मला आदरच वाटतो. परंतु त्यांच्यावरून जो सिद्धान्त काढला जातो तो मला मुळीच मान्य नाही. साथीच्या दोन वर्षांत लहान धंदा टिकला की मोडला, हे धंदेवाल्याच्या जिद्दीवर फार थोडे अवलंबून होते. माल कोणता, जागा कोणाची, उधारी कोणाची आणि नाव कोणत्या कागदावर, या चार गोष्टींनी ते पुष्कळसे आधीच ठरवून टाकले होते.

एवढे ठामपणे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. माझ्या वडिलांचा पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा आणि चुरमुरे-बत्तासे विकण्याचा ओटा आहे, एवढाच माझा अधिकार. दुकान म्हणावे इतका तो मोठा नाही. एका जुन्या वाड्याचा रस्त्याकडचा ओटा, वर पत्रा, पुढे फळी. सारा पसारा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. एरवीच्या दिवशी त्यावर घरखर्च कसाबसा निघतो. वर्षाची बेगमी होते ती चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांत, आणि त्यातही मोठा वाटा एकट्या आषाढीचा. गावातल्या वाचकाला हे सांगायला नको. पण आपल्या वर्गात बाहेरगावचेही पुष्कळ जण आहेत, म्हणून सांगितले.

आता त्या दोन वर्षांचा हिशेब पाहा. मार्च २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी लागण्याच्याही आधी, मंदिर दर्शनासाठी बंद झाले. २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. चैत्री गेली. १ जुलै २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने आल्या आणि गावात संचारबंदी होती. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्या दिवशी, मंदिरे उघडली. पण त्याच महिन्यातल्या कार्तिकीला बाहेरच्या वारकऱ्यांना मज्जाव होता. फेब्रुवारी २०२१ च्या माघीलाही तोच प्रकार. पुढे दुसरी लाट आली, मंदिरे पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. मधल्या काळात २०२१ ची चैत्री गेली आणि २० जुलैची आषाढीही गेली. म्हणजे एकापाठोपाठ एक सहा वाऱ्या बुडाल्या. सातवी, नोव्हेंबर २०२१ ची कार्तिकी, भरायला परवानगी मिळाली, तर नेमका एस.टी.चा संप चालू होता! (याच काळात, १७ एप्रिल २०२१ रोजी, आमच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. वारीला गर्दी नको, सभेला मात्र चालते, हे गणित मी तेव्हा नववीत होते म्हणून मला समजले नसावे, असे वाटले होते. आता बी.ए.ला आहे, अजून समजलेले नाही.)

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते: वारी रद्द करणे योग्यच होते. लाखो माणसे एका गावात, एका वाळवंटात जमू देणे हे त्या दिवसांत माणसे मारण्यासारखे झाले असते. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतूनही माणसे गेली. तेव्हा तक्रार बंदविषयी नाही. बंदचा भार कोणी वाहिला, याविषयी आहे.

पहिली गोष्ट मालाची. अर्थशास्त्राच्या तासाला मागणीविषयी शिकताना मला सारखे वाटत होते की मागणी दोन प्रकारची असते: एक थांबणारी आणि एक मरणारी. भांड्यांच्या दुकानात लग्नाची खरेदी असते. लग्न मे महिन्यात झाले नाही तर डिसेंबरात होते, आणि पातेली तेव्हा घ्यावीच लागतात. ही मागणी थांबली, पण मेली नाही. उलट आमच्या ओट्याशेजारी केशकर्तनाचे दुकान आहे. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून केस कापण्याची परवानगी मिळाली. तीन महिने वाढलेले केस घेऊन लोक आले हे खरे. परंतु तीन महिन्यांचे केस कापायला माणूस एकदाच बसतो, तीनदा नाही! मधल्या खेपांचे पैसे कायमचे गेले. आमच्या कुंकवाचे तेच. वारकरी आषाढीला आला नाही म्हणून तो पुढच्या आषाढीला दोन वर्षांचे कुंकू, दोन वर्षांचा प्रसाद घेत नाही. वारी पुढे ढकलता येत नाही. तिथी ही तिथी असते. अशा धंद्याला 'थोडा धीर धरा, बाजार पुन्हा उसळी घेईल' असे सांगणे म्हणजे निघून गेलेल्या गाडीची फलाटावर वाट पाहायला सांगणे होय.

शिवाय वारीचा माल आधी भरावा लागतो. २०२० च्या चैत्रीसाठी वडिलांनी फेब्रुवारीतच खरेदी केली होती. केमहून येणारे कुंकू डब्यात राहते, त्याला काही होत नाही. माळाही राहतात. पण चुरमुरे सादळतात, बत्ताशांना पावसाळी हवेत पाणी सुटते, फुटाण्यांना वास लागतो. एप्रिलभर आम्ही चुरमुरे खाल्ले: भडंग करून, सुशीला करून, दुधात घालून. आई म्हणाली, "देवाचा प्रसाद आहे, टाकायचा नाही." धाकटी चुलत बहीण म्हणाली, "काकू, देवानं आता दुसरं काहीतरी द्यावं." हसण्यासारखे आहे खरे, पण ते भांडवल होते आणि आम्ही ते खाऊन संपवीत होतो.

मग धंदा बदलावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वडिलांनी बदलला की! त्यांनी हातगाडी भाड्याने घेतली आणि भाजी आणली. भाजीपाला अत्यावश्यक यादीत होता. पण ही यादी काही फक्त आमच्याच घरी पोहोचली नव्हती. टांगा चालवणाऱ्याने भाजी आणली, फोटो काढून देणाऱ्याने आणली, लॉजवर काम करणाऱ्या दोन मुलांनी मिळून आणली. जूनमध्ये आमच्या एका गल्लीत सकाळी सहा गाड्या येत. घेणारी घरे तेवढीच, आणि त्यांच्या हातातला पैसाही आटलेला. चार वाजता उरलेली कोथिंबीर फुकट वाटावी लागे. एकटा माणूस धंदा बदलतो तेव्हा ती हुशारी असते. सारी गल्ली एकाच दिवशी एकाच धंद्यात शिरते तेव्हा मूळचा भाजीवालाही बुडतो. आमच्या गल्लीतला मूळचा भाजीवाला त्या वर्षी वडिलांशी महिनाभर बोलत नव्हता, आणि मला त्याचे काही चुकले असे वाटत नाही.

मोबाइलवरून विकायचे म्हणाल, तर कुंकू महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावी मिळते. पंढरपूरच्या कुंकवाला किंमत आहे ती नामदेव पायरीपाशी डोके ठेवून आलेल्या बाईने ते स्वतःच्या हाताने पुडीत बांधून घेतले म्हणून. ती बाई घरी बसून मागवील ते कुंकू असेल, पंढरपूर नसेल. जे विकत होतो ते पुडीत पुरते मावतच नव्हते.

आता कागदाची गोष्ट, आणि येथे थोडे रेंगाळावे लागेल.

१२ मे २०२० रोजी वीस लाख कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा झाली. त्यात लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या विनातारण कर्जाची मोठी योजना होती. तिचा नियम असा होता की २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जेवढे कर्ज बाकी असेल, त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत त्याला नवे कर्ज मिळावे; हमी सरकारची. योजना वाईट नव्हती. तिच्यामुळे कितीतरी कारखाने तरले असतील. पण ज्याचे बँकेत कर्जच नाही, त्याचे वीस टक्के म्हणजे किती? शून्याचे वीस टक्के शून्यच! बँकेने पूर्वी ज्याला दारात उभे केले नाही, त्याला संकटातही उभे केले जाणार नाही, असे त्या नियमाने न बोलता सांगून टाकले.

१ जून २०२० पासून फेरीवाल्यांसाठी निराळी योजना आली. २४ मार्च २०२० पूर्वीपासून शहरात विक्री करणाऱ्याला १०,००० रुपयांचे कर्ज, आणि वेळेवर फेडल्यास व्याजात सात टक्क्यांची सूट. (२०२५ साली पहिल्या कर्जाची ही रक्कम १५,००० करण्यात आली.) या योजनेने अनेकांना हात दिला, हे मी आमच्याच रस्त्यावर पाहिले आहे. पण तिच्यासाठी पाहणीच्या यादीत नाव हवे, ओळखपत्र हवे, नाहीतर शिफारसपत्र हवे. वडिलांची अडचण निराळीच होती. ओटा खासगी वाड्याचा, म्हणून ते फेरीवाले नव्हेत. आणि गाळा नाही, पाटी नाही, लेखी भाडेकरार नाही, म्हणून ते दुकानदारही नव्हेत. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर तीन खेपा झाल्या. खिडकीमागच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या अर्जात दोनच चौकटी होत्या आणि माझे वडील दोन्हींच्या मधल्या रेघेवर उभे होते. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने परवानाधारक फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेव्हा तर ते त्या खिडकीकडे गेलेच नाहीत.

या रेघेवर किती माणसे उभी असतील? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार, २०१५-१६ साली देशात शेतीखेरीज सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग होते आणि त्यांत सुमारे ११ कोटी १० लाख माणसे काम करीत होती. भागाकार करून पाहिला तर एका उद्योगामागे सरासरी दोन माणसेही येत नाहीत. म्हणजे 'उद्योग' हा भारदस्त शब्द आपण ज्याला लावतो तो बहुतेक वेळा एक माणूस आणि फार तर त्याची बायको एवढाच असतो. आता गंमत पाहा. १ जुलै २०२० पासून जी नवी व्याख्या लागू झाली तिच्यात वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असणाराही 'सूक्ष्म'च होता. वडिलांना हे वाचून दाखविले तेव्हा त्यांनी विचारले, "मग आपण काय, अदृश्य?" वस्तुतः त्यांचे बरोबरच होते, कारण किरकोळ आणि घाऊक विक्रेत्यांची त्या नोंदणीत सोयच नव्हती. ती २ जुलै २०२१ रोजी झाली, आणि तीही केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. तोपर्यंत आमच्या सहापैकी पाच वाऱ्या गेल्या होत्या.

आकड्यांचेही असेच. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज जाहीर झाला. पण आमच्यासारख्यांची दर तिमाहीला निराळी मोजदाद होत नाही. नोंद असलेल्या मोठ्या धंद्यांच्या आकड्यांवरून आमचा अंदाज बांधला जातो. माझ्या वडिलांचा ओटा त्या आकड्यात कोण्या कारखान्याची सावली म्हणून पडला असेल.

मग आम्ही जगलो कसे? उधारीवर. रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते लांबविण्याची मुभा दिली. आईचे बचत गटामार्फत एका कंपनीचे कर्ज होते. तिथे हप्ता थांबला, व्याज मात्र थांबले नाही. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून वडील माल घेत, त्याने अठरा महिने थांबून घेतले. वडील त्याच्याकडे माल परत करायला गेले होते. तो म्हणाला, "राहू द्या मालक, मी तरी कुणाला विकू? वारी भरली की बघू." एक पैसा व्याज नाही, कागद नाही, फक्त त्याच्या लाल वहीत एक ओळ. देशातल्या किती लहान धंद्यांना सरकारने तारले आणि किती अशा लाल वह्यांनी, याचा अहवाल अजून कोणी लिहिलेला नाही.

तथापि मी त्या वहीचे गोडवेही गाणार नाही. त्या दिवसापासून आजतागायत वडील त्याच्याचकडून माल घेतात, तो म्हणेल त्या भावाने. दुसऱ्या ठिकाणी कुंकू स्वस्त मिळते हे त्यांना ठाऊक आहे. पण ज्याने अडचणीत धरले त्याला सोडून जायचे कसे? बँकेचे व्याज आकड्यात दिसते आणि एक दिवस संपते. उपकाराचे व्याज दिसत नाही, आणि ते कधी संपणार हे कोणी सांगत नाही. वाड्याच्या मालकांचेही तेच. त्यांनी दोन वर्षे निम्मे भाडे घेतले; त्यांचेही पोट वारीत खोल्या देण्यावर, तेव्हा त्यांनी हे सोसून केले. आता त्यांच्या घरचे कार्य असले की पाणी भरायला आमच्या घरातून दोघे जातात. कोणी बोलावीत नाही, जावे लागते.

आणि सर्वांत मोठी किंमत कोणत्याच वहीत नाही. माझा थोरला भाऊ २०२० साली बारावी झाला. निकाल जुलैमध्ये लागला. त्याला बी.ए.ला जाऊन पुढे शिक्षक व्हायचे होते. अर्ज भरायच्या दिवसांत घरात गल्ला शून्य होता, आईचे गंठण गहाण होते आणि ऑनलाइन वर्गासाठी एकच मोबाइल होता, जो माझ्या नववीला लागत होता. टाळेबंदी सैल झाल्यावर तो पुण्याजवळ एका गोदामात कामाला लागला. तिथे लोकांनी मोबाइलवरून मागविलेल्या वस्तूंची खोकी तो बांधतो. काळाबरोबर बदललेल्या धंद्याचा तोही एक भाग आहे, असे म्हणायला हरकत नाही! त्याच्या पगारातून उधारी फिटली, गंठण सुटले आणि माझी फी भरली गेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून माझे कौतुक होते. रांगेत माझ्या पुढे एक जण उभा होता, हे कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नसते. उद्या कोणी पाहणी करायला आला आणि 'साथीत तुमचा धंदा टिकला काय?' असे त्याने विचारले, तर वडील 'हो' म्हणतील आणि तो 'टिकला' या रकान्यात खूण करून पुढे जाईल.

माझा मुद्दा साधा आहे. साथीत जो धंदा बंद ठेवावा लागला तो धंदेवाल्याच्या चुकीने नव्हे, सर्वांचे प्राण वाचावेत म्हणून. ते एक सार्वजनिक काम होते आणि ते ओट्यावरच्या, टांग्यावरच्या, नावेवरच्या माणसांकडून करून घेतले गेले. पालखी मार्ग रुंद करण्यासाठी शेतकऱ्याची जमीन घेतली, तेव्हा कायद्याने मोबदला द्यावा लागला. तो कमी की जास्त यावर वाद झाले असतील, पण 'तुम्हाला कर्ज देतो, जमीन आम्ही घेतो' असे कोणी म्हटले नाही. आमच्या सहा वाऱ्या घेतल्या, त्या बदल्यात ज्यांना काही मिळाले त्यांनाही बहुतांशी मिळाले ते कर्ज! कर्ज आणि मोबदला यांतला फरक अर्थशास्त्राचा आहे तसा न्यायाचाही आहे. मोबदल्याला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पण पैसा अपुरा असणे वेगळे आणि देणे लागतो हेच मान्य नसणे वेगळे. निदान यात्रेवर पोट असणाऱ्यांची एक वेगळी नोंद असावी: ओटेवाले, नावाडी, माळा ओवणाऱ्या बायका, वारीपुरते पाल ठोकणारे, सगळ्यांची, जागा कोणाची आहे हे न पाहता. पुन्हा कधी यात्रा थांबवावी लागली तर मदत कोणाला द्यायची, हे त्या दिवशी खिडकीवर ठरवायची पाळी येऊ नये.

ही नोंद सरकारने करावी हे खरेच. परंतु सुरुवात करायला आपल्या महाविद्यालयाला कोणाची परवानगी लागत नाही. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांच्या सरांना माझी विनंती आहे की द्वितीय वर्षाच्या प्रकल्पासाठी प्रदक्षिणा मार्ग घ्यावा. महाद्वारापासून चौफाळ्यापर्यंतचे ओटे दाखवायला मी येईन. 'धंदा टिकला का' हा प्रश्न प्रश्नावलीत नसला तरी चालेल. 'तो टिकवायला घरातल्या कोणी काय सोडले' हा असावा, आणि तो एकट्या पुरुषाला न विचारता बाईलाही विचारावा. फक्त वारीच्या दिवसांत येऊ नये, तेव्हा उत्तर द्यायला कोणाला सवड नसते. पौर्णिमेचा गोपाळकाला उरकला, की दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे फळीला टेकून बसलेले असतात.